बोट घसरले आणि टॅब बंद झाला!

रात्रीचे साडेदहा वाजले होते. ईशाची नमाज आटोपून मी ओट्यावरची आवराआवर करत होते. बाहेरच्या खोलीत माझी भाची लॅपटॉप घेऊन बसली होती. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला होता आणि एका संस्थेच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची ती शेवटची रात्र होती. बारा वाजता अर्ज बंद होणार होते. नाव, पत्ता, गुण, उत्पन्नाचा दाखला हे सगळे भरून झाले होते. शेवटी एक मोठा चौकोन होता, ‘आपल्या कुटुंबाविषयी व शिक्षणाविषयी तीनशे शब्दांत लिहा.’

त्या चौकोनात ती दीड तास लिहीत होती. मराठीतून, स्वतःच्या शब्दांत. अब्बांचे गॅरेज, दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हाताला झालेली दुखापत, अम्मीने घेतलेले शिवणकाम, असे सगळे. मधूनमधून मला एखादे वाक्य वाचून दाखवत होती. आणि अचानक ओरडली, ‘‘खाला!’’

मी धावत गेले. पडद्यावर काहीच नव्हते. अर्ज नाही, चौकोन नाही, मजकूर नाही. ब्राउझरच बंद झाला होता.

माझ्या तोंडून निघून गेले, ‘‘लक्ष कुठे असते तुझे? शेवटच्या घटकेला हे असे!’’

‘‘मी काहीच केले नाही, खाला. मी फक्त ‘ऐपत’ हा शब्द लिहीत होते. ‘ऐ’ दाबला आणि सगळे गेले.’’

मला ते खरे वाटले नाही. एक अक्षर लिहिल्याने अर्ज कसा जाईल? ती डोळे पुसत पुन्हा बसली. सगळी माहिती पुन्हा भरली. चौकोनात या वेळी घाईघाईने चार ओळी लिहिल्या. बाराला दहा मिनिटे असताना अर्ज गेला. पण त्या चार ओळींत गॅरेज नव्हते, शिवणकाम नव्हते आणि ‘ऐपत’ हा शब्दही नव्हता.

पुढे महिन्याभराने मी शाळेच्या कामासाठी एक ऑनलाइन माहितीपत्रक भरत होते. ‘ऐच्छिक विषय’ असे लिहायला गेले आणि टॅब बंद! माझ्याही तोंडून तेच शब्द बाहेर पडले, ‘‘मी काहीच केले नाही.’’ तेव्हा कुठे मी नीट खाली, कीबोर्डकडे पाहिले.

एका बोटाचे अंतर

आमच्या घरी मराठी लिहिण्यासाठी इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड वापरतात. भारतीय भाषांसाठी सरकारने ठरवून दिलेली ही मांडणी आहे. यात ‘डब्ल्यू’चे बटण दाबले की ‘ै’ ही मात्रा उमटते आणि शिफ्ट धरून तेच बटण दाबले की ‘ऐ’ हे अक्षर उमटते. आता कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्याकडे पाहा. शिफ्टच्या खालीच कंट्रोलचे बटण आहे. करंगळी थोडी खाली घसरली, तर शिफ्टऐवजी कंट्रोल दाबले जाते. आणि कंट्रोल + डब्ल्यू हा ब्राउझरला दिलेला हुकूम आहे, ‘समोरचा टॅब बंद कर.’ टॅब एकच उघडा असेल, तर बहुतेक ब्राउझरमध्ये त्याच्याबरोबर सगळी खिडकीच बंद होते. भाचीचे नेमके तेच झाले होते.

हे एकाच अक्षरापुरते नाही. इनस्क्रिप्टमध्ये ‘ई’ लिहायला शिफ्ट + आर दाबावे लागते. करंगळी घसरली तर ते कंट्रोल + आर होते, म्हणजे पान पुन्हा नव्याने उघडते आणि भरलेला अर्ज कोरा होऊ शकतो. ‘ऊ’ लिहिताना बोट घसरले तर नवा टॅब उघडतो. ‘झ’ लिहिताना घसरले तर छपाईची चौकट समोर येते. हे शेवटचे दोन प्रकार निरुपद्रवी आहेत. पण ‘ऐ’ आणि ‘ई’ ही अक्षरे मराठी लिहिणाऱ्याला महागात पडतात.

इंग्रजी लिहिणाऱ्यांचीही यातून सुटका नाही. कंट्रोल + ए म्हणजे सगळा मजकूर निवडणे आणि कंट्रोल + एस म्हणजे जतन करणे. ही दोन्ही बटणे डब्ल्यूला लागूनच, खालच्या ओळीत आहेत. म्हणजे लिहिलेले जपून ठेवायला जावे आणि तेच पुसले जावे, असा हा शेजार! माऊस वापरणाऱ्यांचे दुखणे वेगळे. पुष्कळ टॅब उघडले की प्रत्येक टॅब अरुंद होत जातो. त्याच्या नावावर क्लिक करायला जावे तर शेजारच्या फुलीवर क्लिक होते. माऊसचे मधले चाक टॅबवर दाबले गेले, तरीही तो टॅब बंद होतो. हे पुष्कळांना ठाऊकच नसते.

दोष कोणाचा?

आपल्याकडे अशी चूक झाली की पहिले बोलणे चूक करणाऱ्यालाच बसते. मीही तेच केले. पण ही यंत्रे घडवणारे लोक काय म्हणतात, हे पाहण्यासारखे आहे.

अमेरिकेतील अभ्यासक डोनाल्ड नॉर्मन यांनी रोजच्या वापरातील वस्तूंच्या रचनेवर १९८८ साली एक पुस्तक लिहिले. ते पुढे जगभर गाजले. त्यात त्यांनी माणसाच्या चुकांचे दोन प्रकार वेगळे केले आहेत. एकात माणसाचा विचारच चुकलेला असतो. दुसऱ्यात विचार बरोबर असतो, पण हात भलतीकडे जातो. या दुसऱ्या प्रकारात ‘नीट लक्ष दे’ असे सांगून फारसा उपयोग होत नाही. कारण जे काम हाताला सरावाचे झाले आहे, त्यातच हात घसरतो. उपाय करायचा तो वस्तूच्या रचनेत, असे त्यांचे सांगणे आहे.

याचे एक चांगले उदाहरण म्हणजे बॅकस्पेसचे बटण. लिहिलेले अक्षर खोडायला आपण ते दाबतो. पण पूर्वी ब्राउझरमध्ये याच बटणाला आणखी एक काम होते. कर्सर लिहिण्याच्या चौकोनात नसेल, तर बॅकस्पेस दाबताच ब्राउझर मागच्या पानावर जात असे. अक्षर खोडायला जावे आणि सगळा अर्जच पुसला जावा, असे असंख्य लोकांचे झाले. प्रत्येक जण स्वतःलाच बोल लावत राहिला. शेवटी क्रोम ब्राउझर बनवणाऱ्यांनी मोजणी केली. पाहिल्या जाणाऱ्या पानांपैकी ०.०४ टक्के वेळा लोक बॅकस्पेसने मागे जात होते आणि ०.००५ टक्के वेळा ते पानावर काही भरल्यानंतर घडत होते. आकडा किरकोळ वाटतो. पण याचा अर्थ दर वीस हजार पानांमागे एकदा, आणि जगात रोज उघडली जाणारी पाने किती! २०१६ च्या जुलैमध्ये आलेल्या ५२ व्या आवृत्तीत क्रोमने बॅकस्पेसचे हे काम काढून टाकले. २०२१ मध्ये फायरफॉक्सनेही तेच केले आणि अर्ज भरताना लोकांची माहिती जाऊ नये म्हणून हा बदल केल्याचे स्पष्ट सांगितले.

लोक अचानक सावध झाले नाहीत. बटण बदलले आणि चूक थांबली. कंट्रोल + डब्ल्यू मात्र अजून जागेवरच आहे. म्हणून त्याचा बंदोबस्त आपल्या घरी आपणच करायचा.

गेलेला टॅब परत आणा

आधी इलाज, मग पथ्य. टॅब चुकून बंद झाला तर घाबरून साइट नव्याने उघडू नका. त्याआधी कंट्रोल, शिफ्ट आणि टी ही तीन बटणे एकत्र दाबा. क्रोम, एज आणि फायरफॉक्स या तिन्ही ब्राउझरमध्ये शेवटी बंद झालेला टॅब यामुळे परत येतो. पुन्हा दाबले की त्याच्या आधीचा टॅब येतो. मॅक संगणकावर कंट्रोलऐवजी कमांडचे बटण वापरायचे. पूर्ण खिडकीच बंद झाली असेल, तर ब्राउझर पुन्हा उघडा आणि मग हीच तीन बटणे दाबा. बटणे आठवत नसतील, तर ब्राउझरच्या मेनूत ‘हिस्ट्री’ म्हणजे इतिहास असा विभाग असतो. त्यात अलीकडे बंद केलेल्या टॅबची यादी मिळते.

एक अपवाद लक्षात असू द्या. क्रोमच्या खासगी म्हणजे ‘इनकॉग्निटो’ खिडकीतला टॅब असा परत मिळत नाही. मागे काही ठेवू नये, हेच त्या खिडकीचे काम आहे. त्यामुळे लांबलचक अर्ज त्यात भरायला बसू नये.

त्या रात्री ही तीन बटणे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हती.

टॅब येतो, मजकूर येईलच असे नाही

येथे एक फरक समजून घेतला पाहिजे. टॅब म्हणजे घराचा पत्ता आणि आपण भरलेला मजकूर म्हणजे त्या घरातल्या फळ्यावर खडूने लिहिलेली अक्षरे. ब्राउझर पत्ता लक्षात ठेवतो, त्यामुळे तो तुम्हाला पुन्हा त्या घरी नेऊन सोडतो. पण मधल्या काळात फळा पुसला गेला असेल, तर त्याचा इलाज नाही. काही वेळा ब्राउझर चौकोनातला मजकूरही सांभाळून ठेवतो, पण पुष्कळ वेळा तो मिळत नाही. ‘सबमिट’ किंवा ‘सेव्ह’ दाबेपर्यंत आपण लिहिलेले त्या संस्थेच्या संगणकावर पोहोचलेले नसते. ते फक्त आपल्या समोरच्या पडद्यापुरते असते.

काही अर्ज या बाबतीत शहाणे असतात. तुम्ही काही भरले आणि टॅब बंद करायला गेलात, तर ते विचारतात, ‘हे पान सोडायचे का? केलेले बदल कदाचित जतन होणार नाहीत.’ ही चौकट दिसली की नेहमीच्या घाईने ‘हो’ म्हणू नका, थांबून वाचा. पण ही विचारणा करायची की नाही, हे पान बनवणाऱ्याच्या हाती असते. सगळे अर्ज विचारतातच असे नाही. भाचीच्या अर्जाने विचारले नव्हते.

म्हणून सगळ्यात मोठे पथ्य हे : लांब मजकूर कधीही थेट अर्जाच्या चौकोनात लिहू नये. आधी दुसरीकडे लिहावा. गुगल डॉक्समध्ये लिहिला तर इंटरनेट चालू असताना तो आपोआप जतन होत जातो. वर्डमध्ये लिहिला तर फाइलला सुरुवातीलाच नाव देऊन ठेवावे. मोबाईलवर नोट्सचे अॅप चालेल किंवा व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच संदेश पाठवून ठेवता येईल. आणि साधी वही तर आहेच. मजकूर पुरा झाला की तेथून उचलून अर्जात चिकटवायचा. मग टॅब दहा वेळा बंद झाला, तरी गेले ते फक्त चिकटवण्याचे श्रम. अर्जाची अनेक पाने असतील आणि ‘सेव्ह ड्राफ्ट’ची सोय असेल, तर प्रत्येक पानानंतर ती वापरावी.

आधीच करून ठेवायचा बंदोबस्त

लिहिताना पहिली सवय करंगळीची. टायपिंगच्या वर्गात शिकवतात तो नियम सोपा आहे. अक्षर डाव्या हाताने दाबायचे असेल, तर शिफ्ट उजव्या हाताने धरायची. ‘ऐ’ आणि ‘ई’ ही दोन्ही अक्षरे डाव्या हाताची आहेत, म्हणून उजवी शिफ्ट. एकाच हाताची करंगळी आणि बोट ताणून दोन बटणे दाबायला गेलो की घसरण होते. दोन हातांत काम वाटले की ती पुष्कळ कमी होते.

दुसरा उपाय टॅब टाचून ठेवण्याचा. टॅबवर माऊसचे उजवे बटण दाबले की ‘पिन’ असा पर्याय येतो. पिन केलेला टॅब लहान होऊन डावीकडे जाऊन बसतो आणि त्याच्यावरची फुली नाहीशी होते. त्यामुळे फुलीवर चुकून क्लिक होऊन तो बंद होण्याचा धोका टळतो. कीबोर्डच्या बटणांनी मात्र असा टॅबही बंद होऊ शकतो, म्हणून त्याच्यावर पूर्ण भिस्त ठेवू नये.

तिसरा उपाय सेटिंगमधला. फायरफॉक्समध्ये ‘एकाहून अधिक टॅब बंद करण्यापूर्वी विचारा’ अशा अर्थाची खूण करता येते. मॅकवरील क्रोममध्ये ‘बंद करण्यापूर्वी सूचना द्या’ असा पर्याय आहे. तो चालू असला की कमांड + क्यू ही बटणे थोडा वेळ दाबून धरल्याशिवाय ब्राउझर बंद होत नाही. शिवाय ब्राउझर सुरू होताना मागच्या वेळचे टॅब पुन्हा उघडावेत, अशीही सोय सगळ्या प्रमुख ब्राउझरमध्ये आहे. क्रोमच्या सेटिंगमध्ये ‘ऑन स्टार्टअप’ या विभागात ती मिळेल.

पण ही शेवटची सोय फक्त स्वतःच्या संगणकावर चालू करावी. सायबर कॅफेत, शाळेत किंवा दहा जण वापरतात अशा संगणकावर ती चालू असेल, तर पुढच्या माणसासमोर तुमचे उघडे खाते येऊ शकते. अशा ठिकाणी काम झाल्यावर नुसता टॅब बंद करून उठू नये, आधी लॉग आउट करावे.

टॅब बंद होऊ नये म्हणून ब्राउझरला जोडायची छोटी जोडसाधनेही मिळतात. मात्र त्यांतली काही ‘तुम्ही उघडाल त्या सर्व पानांवरचा मजकूर वाचण्याची’ परवानगी मागतात. ज्या ब्राउझरवर तुम्ही बँकेचे काम करता, त्यात अशी परवानगी देण्यापूर्वी दहादा विचार करावा. करंगळीचा दोष घालवायला चोरखिडकी उघडी ठेवण्यात शहाणपण नाही.

मोबाईलवर भरत असाल तर

पुष्कळ घरांत लॅपटॉप नसतो, सगळे अर्ज मोबाईलवरच भरले जातात. तेथले धोके वेगळे आहेत. पान वरून खाली ओढले की अँड्रॉइडवरील क्रोममध्ये ते नव्याने उघडते. अर्जाच्या वरच्या टोकाला असताना अंगठा जोरात खाली ओढू नये. पडद्याच्या कडेवरून बोट सरकले तर मागचे पान येऊ शकते. चुकून टॅब बंद केला तर पडद्याच्या तळाशी काही सेकंद ‘अनडू’ असे दिसते, ते लगेच दाबावे. ते निसटले तर मेनूमध्ये ‘रिसेंट टॅब्ज’ पाहावे.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना छळते. अर्ज अर्धा भरून आपण फोटो शोधायला गॅलरीत जातो, मध्येच फोन येतो, परत येऊन पाहतो तर अर्ज कोरा! यात कोणाच्या बोटाची चूक नसते. मोबाईलची मेमरी कमी पडली की मागे राहिलेले पान फोन स्वतःच सोडून देतो. परत आल्यावर ते नव्याने उघडते. म्हणून फोटो, सही आणि दाखले योग्य आकारात करून एकाच फोल्डरमध्ये आधीच ठेवावेत, नको असलेली अॅप बंद करावीत आणि मगच अर्ज उघडावा.

पैसे भरताना टॅब गेला तर

फी भरत असताना टॅब बंद झाला, तर पुन्हा पैसे भरण्याची घाई करू नये. आधी बँकेचा संदेश आणि खात्यातली शिल्लक पाहावी. मग अर्जाच्या साइटवर पुन्हा लॉग इन करून फी जमा दिसते का ते पाहावे. टॅब परत आणला आणि ब्राउझरने ‘माहिती पुन्हा पाठवायची का?’ असे विचारले, तर तेथेच थांबावे. त्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणे म्हणजे कधीकधी तीच फी दुसऱ्यांदा भरणे ठरू शकते.

शेवटची गोष्ट

आता घरात काही नियम झाले आहेत. अर्ज शेवटच्या रात्री भरायचा नाही. लांब मजकूर आधी वहीत लिहायचा. कोणाचा टॅब बंद झाला तर कोणी कोणावर ओरडायचे नाही, आधी ती तीन बटणे दाबायची. लॅपटॉपच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवली आहे, ‘कंट्रोल + शिफ्ट + टी’. माझ्या आईलाही ती आता पाठ आहे. मुलांना घाबरवण्यापेक्षा त्यांच्या हाताशी एक उपाय ठेवणे सोपे असते, हे मला जरा उशिराच कळले.

माझ्या चुकीबद्दल मी भाचीची माफीही मागितली. ती हसून म्हणाली, ‘‘जाऊ दे खाला, तुमचाही टॅब गेला ना!’’

यंदा दुसऱ्या वर्षाच्या अर्जाची मुदत संपायला आठ दिवस असताना ती वही घेऊन बसली. गॅरेज आले, शिवणकाम आले. दोन पाने झाली, मग काटछाट करून तीनशे शब्द झाले. वहीतून पाहून ती लॅपटॉपवर उतरवू लागली, तेव्हा मी शेजारीच बसले होते. एका ओळीवर तिचा हात क्षणभर थांबला. मी वाकून पाहिले. वहीत लिहिले होते, ‘अब्बांची ऐपत नसतानाही त्यांनी माझे शिक्षण थांबू दिले नाही.’

तिने उजव्या हाताच्या करंगळीने शिफ्ट धरली आणि ते वाक्य पुरे केले.